बारीक पात्याची वळणं

लाकूडकामाचा छंद जडलेल्या माणसाकडे जागा थोडी असते, वेळ रविवारचा असतो आणि भिंतीपलीकडे शेजारी राहत असतात. अशा माणसाला स्क्रोल सॉ हे यंत्र फार सोयीचं. ते एका मजबूत टेबलावर मावतं, दार लावलं की त्याचा आवाज सुसह्य होतो, आणि वीतभर फळीतून त्यावर जाळीदार नक्षी, कोडी, खेळणी, दिव्याचं आवरण किंवा घराच्या नावाची पाटी कापता येते. त्याची रचना शिवणयंत्रासारखी आहे: खाली सपाट टेबल, वरून पुढे आलेला हात, मध्ये वर-खाली होणारं पातं आणि दोन्ही हातांनी फिरवायचा माल. पातं आपल्या जागी राहतं, वळवायची असते ती फळी.

या यंत्रावरचं काम चांगलं होणार की बिघडणार, हे पातं लाकडाला लागण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. नव्यानं शिकणाऱ्याला वाटतं की आपला हात थरथरला म्हणून रेघ सुटली. शोधायला गेलं तर कारण बहुधा दुसरीकडेच सापडतं. पातं सैल असतं, बोथट झालेलं असतं, त्या लाकडाला चुकीचं असतं, टेबल काटकोनात नसतं, किंवा आधी कापायचा भाग नंतरसाठी ठेवलेला असतो. या पाच गोष्टी नीट केल्या की हाताला फक्त वाट दाखवायची उरते, आणि ते काम कोणत्याही वयात शिकता येतं.

छंदाचा पूर्वेतिहास

वळणदार कापाची कला विजेच्या यंत्रापेक्षा खूप जुनी आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या कारागिरानं पितळ आणि कासवाच्या कवचाचे पातळ थर एकावर एक ठेवून ते एकदमच कापायची पद्धत नावारूपाला आणली. एका थरातला आकार दुसऱ्या थराच्या खिडकीत बसायचा आणि एका कापात दोन जुळी फर्निचरं सजायची. लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरीनं १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून तो कापला. मुलांना भूगोल शिकवायला केलेले ते तुकडे म्हणजे आजच्या जिगसॉ कोड्यांची सुरुवात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायानं चालवायची छोटी यंत्रं बाजारात आली आणि इंग्लंड-अमेरिकेत हा छंद घरोघरी पोचला. इंग्लंडमधल्या डेरेहॅम गावच्या ‘हॉबीज’ कंपनीनं १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यातून वाचकांना नक्षीचे आराखडे पुरवले. त्या काळच्या आवडीच्या खुणा आपल्याकडेही आहेत. माथेरान-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांच्या छपरांना किंवा गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या घरांना लावलेल्या लाकडी झालरी आणि कठडे एकदा थांबून बघा. कमान, थेंब, पान, भोक अशा तीन-चार साध्या आकारांच्या पुनरावृत्तीतून ती सारी शोभा उभी राहिलेली दिसेल. नव्या माणसाला याहून चांगला नक्षीसंग्रह मिळणार नाही. समोरून फोटो काढावा, एक आकार कागदावर उतरवावा आणि तोच पुन्हा पुन्हा ओळीत मांडावा.

पातं निवडताना

यंत्र विकत घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो पात्याबद्दल. पाती दोन प्रकारची असतात. पिनवाल्या पात्याच्या दोन्ही टोकांना छोटी आडवी पिन असते. ते अडकवायला सोपं, पण आतला भाग कापायचा तर पिन आत जाण्यासाठी साधारण ५ मि.मी.चं भोक लागतं, आणि नाजूक जाळीत तेवढं भोकच नक्षी खाऊन टाकतं. बिनपिनच्या पात्याची टोकं सपाट असतात, ती क्लॅम्पमध्ये स्क्रूनं आवळायची. त्याची प्रचलित लांबी ५ इंच, म्हणजे १२७ मि.मी. अगदी बारीक पातं १ मि.मी.च्या भोकातूनही निघतं. तेव्हा ज्या यंत्रावर बिनपिनची पाती लागतात तेच घ्यावं. परदेशातून कुणी यंत्र आणून देणार असेल तर ते आपल्या २३० व्होल्टवर चालतं का, हेही पाहून घ्यावं.

पात्यांना क्रमांक असतात: २/०, १, ३, ५, ७, ९, १२. क्रमांक वाढत जाईल तसं पातं रुंद आणि जाड होतं, दाते मोठे होतात. ५ नंबरचं पातं सुमारे १ मि.मी. रुंद आणि ०.४ मि.मी. जाड असतं. ३ मि.मी.च्या प्लायला २/० किंवा १ नंबर, ६ मि.मी.ला ३ नंबर, १२ ते १८ मि.मी.च्या लाकडाला ५ नंबर आणि त्याहून जाड, कठीण फळीला ७ किंवा ९ नंबर, असा अंदाज सुरुवातीला पुरतो. एक कसोटी कायम लक्षात ठेवावी: लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असले पाहिजेत. त्याहून कमी असले तर दाते लाकूड कापण्याऐवजी ओढतात, फळी थडथडते आणि कडा फाटते.

दात्यांच्या रचनेतही फरक असतो. साध्या पात्यात प्रत्येक दातानंतर एक दात गाळलेला असतो. त्या मोकळ्या जागेतून भुसा बाहेर पडतो आणि पातं कमी तापतं. उलट्या दातांच्या पात्यात खालच्या टोकाचे काही दाते वर तोंड करून असतात. ते फळीची खालची बाजू वर येताना साफ करतात, त्यामुळे प्लायच्या पाठीमागे निघणारी कुसळं जवळजवळ थांबतात. मात्र हे पातं लावल्यावर यंत्र हातानं फिरवून बघावं. पातं पूर्ण वर गेलं की दोन-तीन उलटे दाते टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. ते खालीच राहिले तर त्यांचा उपयोग नाही. पिळाच्या पात्याला सगळ्या बाजूंनी दाते असल्यानं फळी न फिरवता कुठल्याही दिशेनं कापता येतं. मोठ्या चित्राच्या कामात ते उपयोगी पडतं, पण त्याचा काप रुंद आणि खडबडीत येतो. पहिल्या वर्षी त्याची गरज पडत नाही.

पातं हा खर्चाचा माल आहे, जपून ठेवायचा नाही. कठीण लाकडावर अर्ध्या तासातही ते बोथट होऊ शकतं. ते ओळखायच्या खुणा तीन: फळी पुढे ढकलायला जोर लागू लागतो, कापाची कड काळपट पडते आणि पातं रेघेवरून एका बाजूला पळू लागतं. यातली एक जरी दिसली तरी पातं बदलावं. बोथट पात्यावर जोर लावला की ते मागे वाकतं, काप तिरका जातो आणि शेवटी पातं तुटतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाती लवकर गंजतात. म्हणून ती क्रमांकाप्रमाणे झाकणाच्या नळ्यांमध्ये ठेवून त्यांना मशीनच्या तेलाचा हलका हात लावावा. वापरायच्या आधी मात्र कापडानं पुसून घ्यावीत, म्हणजे लाकडावर डाग पडत नाहीत.

ताण आणि काटकोन

पातं लावल्यावर ते ताणायचं. कमी ताण ही नवशिक्यांच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक. टिचकी मारल्यावर पात्यातून स्वच्छ, उंच स्वर निघाला पाहिजे. बद्द आवाज आला तर पातं सैल आहे. बोटानं हलकेच बाजूला दाबल्यावर ते ३ मि.मी.पेक्षा जास्त हलू नये. सैल पातं वळणावर पोटात फुगतं. वरून काप रेघेवर दिसतो आणि फळी उलटी केली की आकार वेगळाच निघतो. पातं वारंवार क्लॅम्पमधून सुटत असेल तर त्याची टोकं बारीक पॉलिश पेपरवर घासावीत. कारखान्यातून येणारा तेलाचा थर निघून गेला की पकड बसते.

मग टेबल आणि पातं यांच्यातला काटकोन. टेबलाखालच्या अंशांच्या खुणांवर विसंबू नये. छोटा गुण्या टेबलावर उभा करून पात्याला लावावा. याहून खात्रीची परीक्षा अशी: सुमारे ४० मि.मी. जाडीच्या ठोकळ्याला कडेला थोडासा काप द्यावा, यंत्र बंद करावं, ठोकळा टेबलावरच अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूनं आणावा. पातं त्या कापात सहज शिरलं तर टेबल बरोबर आहे. अडलं तर तिरकेपणा आहे, आणि ठोकळ्यात तो दुप्पट होऊन दिसतो, म्हणून या परीक्षेतून बारीक चूकही सुटत नाही. ज्या कोड्यांचे तुकडे वरूनच बसतात आणि खालून बसत नाहीत, त्यांचा दोष इथेच असतो.

तिसरी गोष्ट कंपनाची. यंत्र स्क्रू-बोल्टनं जड टेबलाला घट्ट बसवावं आणि खाली रबराची जाड चटई घालावी. टेबलाची उंची अशी असावी की खांदे न उचलता हात फळीवर टेकतील. डाव्या बाजूला वाकवता येईल असा दिवा हवा. रेघ दिसत नसेल तर कितीही सराव केला तरी काप सुधारत नाही.

लाकूड कोणतं

पहिले काही महिने चांगल्या प्लायवर शिकावं. प्लायमधल्या थरांचे तंतू एकमेकांना आडवे असल्यानं नाजूक भाग तुटत नाहीत. पण स्वस्त प्लायच्या मधल्या थरात पोकळ्या असतात, नक्षीची बारीक दांडी नेमकी त्या पोकळीवर आली की तिथे ती मोडते. विकत घेताना चारही कडा पाहाव्यात. कडेला फटी दिसल्या तर तो ताव नको. बर्चचा प्लाय महाग असतो, पण नाजूक जाळीसाठी तो पैसा वसूल करून देतो. प्लायमधल्या चिकट द्रव्यामुळे पाती लवकर झिजतात, हे गृहीत धरावं.

भरीव लाकडात शिवण मऊ, फिकट आणि कापायला सोपं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरलं जातं, कारण ते हलकं असतं. आंब्याचं लाकूड सहज मिळतं, पण नीट वाळलेलं असल्याची खात्री करून घ्यावी. सागवान दिसतं देखणं, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य. म्हणून सागावर पाती भराभर बोथट होतात. शिसव कापताना वेग जास्त ठेवला तर कड करपते.

जुन्या पॅकिंगच्या पेट्यांमधलं पाइन स्वस्तात मिळतं आणि शिकायला छान. त्यावर गव्हाच्या लोंबीसारख्या खुणेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरं असली तर लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे, ते वापरावं. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते घरात आणू नये, खेळण्यांसाठी तर नाहीच.

लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतं-आकसतं, उभ्या दिशेला जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात कापलेली रुंद, पातळ फळी हिवाळ्यात वाकू शकते. वखारीतून आणलेली फळी निदान काही आठवडे आपल्या घरातल्या हवेत, मध्ये पट्ट्या घालून ठेवावी आणि मगच कापावी.

नक्षी लाकडावर उतरवताना

लाकडावर थेट कागद चिकटवला की नंतर तो खरवडताना जीव मेटाकुटीला येतो. सोपा उपाय असा: आधी फळीवर रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी आणि तिच्यावर नक्षीचा कागद चिकटवावा. काम झालं की पट्टीसकट कागद एका ओढीत निघतो. थेट चिकटवलेला कागद टर्पेंटाइननं ओला केला की काही मिनिटांत सुटतो.

कठीण लाकडासाठी नक्षीवरून पारदर्शक पॅकिंगची टेप लावावी. तिच्या पाठीवरच्या गुळगुळीत थरामुळे पात्याला वंगण मिळतं आणि शिसवीसारख्या लाकडाची कड करपणं खूप कमी होतं. फळी जाड असेल तर हा उपाय हमखास करावा.

आतल्या भागांसाठी भोकं पाडताना ती टाकाऊ भागात, पण रेघेच्या कोपऱ्याजवळ पाडावीत. तिथून पातं लगेच रेघेवर येतं. फळीखाली टाकाऊ तुकडा ठेवला की मागची बाजू फुटत नाही. भोकं पाडून झाल्यावर फळीची पाठ पॉलिश पेपरनं घासायला विसरू नये. भोकाभोवती राहिलेला लाकडाचा फुगवटा टेबलावर फळी डुगडुगवतो आणि पुढचा प्रत्येक काप त्यानं बिघडतो.

कापताना

कापायच्या क्रमाचा नियम आतून बाहेर आणि लहानाकडून मोठ्याकडे असा आहे. मधली बारीक भोकं आधी, मोठी नंतर आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी. बाहेरची कड शाबूत आहे तोवर फळीला बळ असतं. मोठ्या जाळीत कापून पडलेले तुकडे पुन्हा जागेवर बसवून मागून टेप लावली, तर नाजूक दांड्यांना उरलेलं काम होईपर्यंत आधार राहतो.

फळी पात्यावर ढकलू नये, फक्त पुरवत राहावं. योग्य वेगानं पुरवलं की पातं सरळ उभं दिसतं. ते मागे वाकलेलं दिसलं की जोर जास्त होतोय. बरीच पाती पत्र्यातून कापताना त्यांच्या एका कडेला बारीक धार राहते, त्यामुळे ती रेघ सोडून किंचित उजवीकडे ओढतात. यंत्रात दोष नाही. फळी समोरून थोडी तिरकी, दोन-पाच अंशांनी पुरवली की काप सरळ जातो. प्रत्येक नवं पातं लावल्यावर टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ कापली की नेमका कोन हाताला कळतो.

टोकदार कोपऱ्यावर थांबून, फळी पुढे न सरकवता जागच्या जागी फिरवावी. पातं चालूच असावं आणि फिरवताना फळी त्याच्या पाठीला हलकेच टेकलेली असावी, दात्यांना नाही. दात्यांना टेकली तर कोपऱ्यात गोल खड्डा पडतो. जमत नसेल तर दुसरी वाट आहे: रेघेवरून सरळ पुढे टाकाऊ भागात जावं, तिथे मोठा वळसा घालून दुसऱ्या रेघेवर परत यावं. बाहेरच्या कडेला ही युक्ती कधी फसत नाही.

वेगही लाकडाप्रमाणे बदलावा. साधारण घरगुती यंत्र मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्या मारतं. बारीक वळणं आणि पातळ लाकूड यांना कमी वेग, लांब सरळ काप आणि जाड फळी यांना जास्त. ॲक्रिलिक कापताना वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर कापाची कड वितळून पुन्हा चिकटते.

देवनागरी पाटी: एक पुरं काम

घराच्या नावाची लाकडी पाटी करावी असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं, आणि देवनागरीला यात मोठा फायदा आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, म्हणून ती पाठच्या फळीवर एकेक चिकटवावी लागतात. देवनागरी शब्द शिरोरेषेला धरून एकसंध राहतो. ‘सावली’ हा शब्द फळीतून कापला तर तो एका तुकड्यातच हातात येतो.

पण याच शिरोरेषेमुळे काही अडचणीही येतात, त्या कागदावरच सोडवाव्या लागतात. ‘सावली’तला काना केवळ शिरोरेषेला लटकतो. ‘ग’, ‘ण’, ‘श’ या अक्षरांचा दंडही तसाच सुटा लटकतो. आता तंतूंचा विचार करा. फळीचे तंतू आडवे, शिरोरेषेच्या दिशेनं ठेवले तर दंडात तंतू आडवे येतात आणि दंड मुळाशी कचकन तुटतो. तंतू उभे ठेवले तर दंड मजबूत होतो, पण दोन अक्षरांमधली शिरोरेषा तुटते. भरीव लाकडात यातून सुटका नाही. म्हणून अशा पाटीसाठी प्लाय उत्तम. भरीव लाकडाचाच हट्ट असेल तर फळीच्या पाठीला आधी ३ मि.मी. प्लाय फेविकॉलनं चिकटवावा आणि मग दोन्ही मिळून कापावं. तिसरा मार्ग आराखड्यातला: अक्षरांच्या पायाशी आडवी पट्टी किंवा वेल काढून त्यात सगळे दंड टेकवावेत. उकार असलेली नावंही त्या पट्टीमुळे बळकट होतात.

अक्षर निवडताना सुंदर वळणापेक्षा जाडी आधी पाहावी. कुठलीही रेषा फळीच्या जाडीपेक्षा बारीक नसावी. १२ मि.मी.च्या फळीत शिरोरेषाही निदान १२ मि.मी. हवी. बोरूच्या वळणाची अक्षरं मनाला भुरळ घालतात, पण त्यातल्या बारीक सांध्यांना कागदावरच थोडं मांस चढवून घ्यावं. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातली पोकळी, तसंच दीर्घ वेलांटीच्या कमानीखालची जागा, हे आतले काप. त्यांची भोकं आधीच मोजून ठेवावीत. अनुस्वार मात्र शिरोरेषेपासून सुटा असतो. ‘आनंद’ कापल्यावर टिंब भुशात हरवायचं नसेल तर त्याला शिरोरेषेशी जोडणारा छोटा देठ द्यावा, किंवा पाठीला प्लाय असलेल्या पाटीवर ते नंतर चिकटवावं.

कापायचा क्रम असा ठेवावा: आधी पोटातल्या पोकळ्या, मग वेलांट्या आणि मात्रांमधल्या जागा, मग खालून दंडांमधल्या उघड्या जागा आणि अगदी शेवटी शिरोरेषेची वरची लांब कड. ती कड शेवटपर्यंत राखली की फळीला पकडायला आधार मिळतो आणि दंडांवर ताण येत नाही.

थर लावून आणि जडवून

एकच आकार चार वेळा हवा असेल, दिवाळीत भेट द्यायचे कंदील किंवा दिव्यांच्या खाली ठेवायच्या जाळ्या, तर बूलचीच पद्धत वापरावी. ३ मि.मी.चे चार-पाच प्लाय एकावर एक रचून कडेनं टेप गुंडाळावी आणि एकदमच कापावेत. एकूण जाडी १८ ते २० मि.मी.पुढे नेऊ नये, नाहीतर पातं आत वाकतं आणि खालचा तुकडा वरच्याशी जुळत नाही.

दोन रंगांची लाकडं एकमेकांत जडवण्यातला आनंद याहून वेगळा. मैसूरच्या शिसवीच्या जडावकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यात वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांतून चित्रं उभी राहतात. घरच्या यंत्रावर छोटं जडावकाम करायचं तर दोन फळ्या एकावर एक चिकटवून टेबल थोडं कलवायचं आणि आकार एकदमच कापायचा. काप तिरका असल्यानं एका फळीतला तुकडा दुसऱ्या फळीच्या भोकात फट न ठेवता पाचरीसारखा अडकतो. कोन काढायचा हिशेब सोपा आहे: कापाची रुंदी भागिले फळीची जाडी, हे उत्तर म्हणजे त्या कोनाचा साइन. कापाची रुंदी ०.४ मि.मी. आणि प्रत्येक फळी ६ मि.मी. असेल तर कोन सुमारे ४ अंशांचा येतो. फळी अखेरपर्यंत एकाच दिशेनं फिरवावी, मध्येच दिशा बदलली की पाचर उलटी होते. आधी टाकाऊ तुकड्यांवर एक छोटं वर्तुळ कापून ते बसतं का पाहावं.

भुसा, डोळे, बोटं

हे यंत्र लाकूडकामातल्या सुरक्षित यंत्रांपैकी आहे, पण त्याचा भुसा निरुपद्रवी नाही. तो पिठाइतका बारीक असतो आणि छातीत खोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत ठेवलं आहे. शिसवीच्या धुळीनं त्वचेला आणि श्वासाला त्रास होणारी माणसंही असतात. एमडीएफ कापताना फॉर्मल्डिहाइडयुक्त धूळ उडते. म्हणून एन-९५ मास्क घालूनच यंत्र सुरू करावं. खिडकी उघडी ठेवावी, आणि काम संपल्यावर झाडूनं भुसा उडवण्याऐवजी ओल्या कापडानं पुसावं. फ्लॅटमध्ये लहान मूल असेल तर हे अधिकच महत्त्वाचं.

चष्मा हवाच, कारण पातं कधीही तुटू शकतं. तुटलं तर घाबरून फळी उचलू नये. आधी यंत्र बंद करावं, पातं थांबू द्यावं, मग हात न्यावा. पायानं चालू-बंद करायचं बटण बसवलं तर दोन्ही हात फळीवरच राहतात. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, बांगड्या आणि अंगठ्या यंत्राजवळ नकोत. बोटं पात्याच्या सरळ रेषेत कधी ठेवू नयेत, ती दोन्ही बाजूंना असावीत.

शेवटचा हात

चांगल्या पात्यानं कापलेल्या कडेला फार घासावं लागत नाही. सपाट बाजू १८० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरनं, नेहमी तंतूंच्या दिशेनं घासावी. जाळीच्या आतल्या कडांना छोटी सुईकानस किंवा आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवलेली पेपरची पट्टी पुरते. मुलांच्या खेळण्याच्या कडा बोटानं चाचपून पाहाव्यात, कुठेही टोचता कामा नये.

जाळीवर ब्रशनं पॉलिश मारलं की कोपऱ्यांत ओघळ साचतात. त्याऐवजी पसरट ताटात जवसाचं तेल ओतून काम त्यात बुडवावं, काढून कापडानं पुसावं आणि पूर्ण वाळू द्यावं. एक सूचना गांभीर्यानं पाळावी: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवल्या तर वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्या गच्चीत एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. लखलखीत चमक हवी असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पातळ थर चढवावेत.

पहिला सराव

पहिल्या रविवारी कुठलीही वस्तू करायला घेऊ नये. ६ मि.मी.च्या प्लायच्या तुकड्यावर चार गोष्टी काढाव्यात: समांतर सरळ रेघा, लाटांसारखी वळणं, करवतीच्या दात्यांसारखे टोकदार कोपरे आणि भोकातून कापायचा एक चौकोन. ३ नंबरचं पातं लावावं, ताण आणि काटकोन तपासावेत आणि रेघ अर्धी शिल्लक राहील असं सावकाश कापावं. मग तुकडा उलटा करून खालची बाजू पाहावी. खालीही आकार तसाच असला तर यंत्राची मांडणी बरोबर आहे. वेगळा दिसला तर ताण आणि टेबल पुन्हा तपासावं. हा तुकडा तारीख घालून ठेवून द्यावा आणि दर महिन्याला तसाच नवा कापावा. प्रगती कुणाला विचारावी लागत नाही, तुकडे शेजारी ठेवले की ती दिसते.

हा सराव जमला की लाटांची वळणं वेलींसाठी, कोपरे अक्षरांसाठी आणि चौकोन जाळीसाठी कामी येतात. याहून निराळं कौशल्य मोठ्या नक्षीतही लागत नाही. ती मोठी वाटते, कारण तिच्यात हेच चार काप शेकडो वेळा आलेले असतात, आणि प्रत्येक काप तितक्याच निगुतीनं केलेला असतो. ज्याला ही निगुती आवडते त्याला हा छंद आयुष्यभर पुरतो.